काऊचा घास आणि डाव्या हातातला फोन

हल्लीची मुले मोबाइलशिवाय जेवत नाहीत, ही तक्रार आता घरोघरची झाली आहे. वर्तमानपत्रांत लेख येतात, डॉक्टर बजावतात, आजी कपाळाला हात लावते. दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा मुळीच दाखवू नये, असे भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही सांगून ठेवले आहे. ते योग्यच आहे. पण या ओरड्यात दुसरा एक फोन अलगद सुटून जातो. तो बाळापुढे नसतो. भरवणाऱ्याच्या डाव्या हातात असतो! मला बोलायचे आहे ते त्याच्याविषयी.

बॉस्टनच्या जेनी रॅडेस्की या बालरोगतज्ज्ञ बाई व त्यांचे सहकारी यांनी उपाहारगृहांत बसून, मुलांना घेऊन आलेल्या मोठ्या माणसांचे निरीक्षण केले. ते २०१४ साली प्रसिद्ध झाले. ५५ जणांपैकी ४० जणांनी जेवताना फोन काढला होता. जे त्यात फार गढले, त्यांची काही मुले लक्ष वेधण्यासाठी चेकाळत गेली आणि त्यांच्या वाट्याला आले ते खेकसणे. हे वाचताना मला आमचे लालबागच आठवले.

लहान मूल नुसता भात गिळत नाही. ते भरवणाऱ्याचे तोंड वाचत असते. ‘आ’ कसा करायचा, ‘गरम’ म्हणताना भुवया कुठे जातात, ‘संपलं’ म्हणजे काय, हे सारे त्या अर्ध्या तासात शिकायचे असते. मायबोलीची पहिली शाळा हीच. चाळीच्या गॅलरीत एकाच वाटीतला वरणभात चारजणी भरवीत. कठड्यावरचा कावळा, जिन्यातली मांजर, समोरची काकू, सगळे त्या कामाला जुंपलेले. ना. म. जोशी मार्गावरच्या १६० चौरस फुटांच्या खोलीतल्या माणसांसाठी आता ५०० चौरस फुटांची घरे उभी राहत आहेत. ती मिळायलाच हवीत. पण दार बंद झाले की बाळापुढे एकच चेहरा उरतो, आणि तोही खाली वाकलेला.

‘पूर्वी बापही पेपर वाचतच जेवत,’ असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण पेपर दर दोन मिनिटांनी वाजत नसे, आणि मुलाने चुरगळला की निमूट मिटत असे. शिवाय बोल लावायचा तो एकट्या आईला का? दिवसभराची नोकरी, लोकलची गर्दी आणि वर स्वयंपाक उरकून ती ताटापाशी बसते. बापाने आपला फोन फळीवर ठेवून घास भरवला, तर काय बिघडेल?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ मध्ये संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याचा प्रघात पडला. भोंग्याचे गिरणगावाला काय कौतुक! पण सातला आमची निम्मी माणसे परळच्या पुलावर असतात. आमचे जेवण साडेनऊला, आणि नेमका तेव्हाच कचेरीचा ‘तातडीचा’ निरोप येतो. तो धाडणाऱ्या साहेबाच्या घरीही कुणी वाटी पुढे घेऊन बसले असेलच की.