आखाजीचा सौदा आणि परताव्याची वाट

बँकांचे वर्ष 1 एप्रिलला सुरू होते. खान्देशातल्या शेताचे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. माहेरवाशिणी झोक्यावर असतात, जळगावच्या सराफ बाजारात पाय ठेवायला जागा नसते आणि धुळे-जळगावच्या खेड्यांत सालदार, म्हणजे वर्षभराचे गडी, ठरत असतात. हा सौदा एकदा जवळून पाहावा. आगाऊ उचल देण्याआधी मालक गडी मागच्या घरून का सुटला याची चौकशी करतो. गडीही कच्चा नसतो. कपाशीचा पैसा अडकला त्या वर्षी या मालकाने हिशेब कधी चुकता केला, हे त्याने आधीच काढून ठेवलेले असते. एवढ्या चौकस मुलखाने आयुष्यभराची पुंजी पतसंस्थेत ठेवताना मात्र दारावरचा व्याजदराचा फलक तेवढा वाचला.

अर्थात, हा भोळेपणा केवळ आपला नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये जळगावच्या जैन इरिगेशनने नेदरलँड्समधील उपकंपनीमार्फत 20 कोटी डॉलरचे रोखे परदेशी बाजारात विकले. मुदत पाच वर्षे, व्याज 7.125 टक्के. अमेरिकी सरकार तेव्हा पाच वर्षांसाठी जेमतेम दोन टक्के देत होते. वरचे पाच टक्के कोणी खुशीने देत नसतो. ती जोखमीची किंमत होती. मानांकन संस्थांनी ‘बी प्लस’ दर्जा देऊन ती उघड सांगितलीही होती. गुंतवणुकीस योग्य समजल्या जाणाऱ्या शेवटच्या पायरीच्या चार पायऱ्या खाली हा दर्जा येतो.

बरे, कंपनी काही कागदी नव्हती. ठिबकच्या नळ्या, पाइप, ऊतिसंवर्धित केळीची रोपे हा सगळा डोळ्यांना दिसणारा माल. अडले ते वसुलीत. ठिबकच्या धंद्यात सरकारी अनुदानाचा वाटा मोठा, आणि सरकार पैसे बुडवत नसले तरी देते आपल्या सवडीने. कर्जावरचे व्याज मात्र ठरल्या तारखेला भरावे लागते. येणे पक्के, पण तारीख कच्ची. देण्याची तारीख पक्की. या दोहोंच्या मधल्या फटीत चांगले चालणारे कारखाने जातात. 2019 मध्ये कंपनीची पत कोसळली, पुढे हप्ते थकले. मार्च 2022 मध्ये कर्जाची फेरबांधणी झाली. 2023 मध्ये परदेशातला सिंचन व्यवसाय सिंगापूरच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीची मालकी असलेल्या रिव्ह्युलिस कंपनीत विलीन करून कर्जाचा भार हलका करण्यात आला.

रोखेधारकांना वाट पाहावी लागली, घस सोसावी लागली. पण त्यांच्या वतीने बोलणारे विश्वस्त होते, वकील होते, वाटाघाटीच्या टेबलावर खुर्ची होती. आता याच शहरातली दुसरी गोष्ट पाहा. भाईचंद हिराचंद रायसोनी या बहुराज्य पतसंस्थेचे मुख्यालय जळगावचे. 2015 च्या सुरुवातीला ठेवी परत न केल्याच्या आरोपावरून संस्थापक आणि संचालकांना अटक झाली, मग दिल्लीच्या केंद्रीय सहकार निबंधकांनी अवसायक नेमला. पुढे 2020 मध्ये पुण्याच्या आर्थिक गुन्हे शाखेने जळगावात छापे घातले. अडलेल्या ठेवीदारांच्या पावत्या पडत्या भावात घेऊन त्या पूर्ण किमतीने कर्जदारांच्या खात्यात वळत्या केल्या, असा आरोप ठेवला गेला. अडचणीतल्या कंपनीचे रोखे स्वस्तात उचलण्याचा धंदा लंडन-न्यूयॉर्कमध्येही चालतो. फरक एवढाच, की तिथे विकणाऱ्याला निदान त्या दिवसाचा भाव कळतो. इथे पेन्शनची पावती विकणाऱ्याला समोरचा देईल तोच भाव.

आणि सरकारी शिक्का असला म्हणजे निर्धास्त, हेही खरे नाही. जळगाव नगरपालिकेने हुडको या सरकारी गृहवित्त कंपनीच्या कर्जावर घरकुले काढली. त्यातल्या गैरव्यवहाराच्या प्रकरणात 2019 मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्र्यांसह 48 जणांना शिक्षा सुनावली.

तेव्हा व्याज किती, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की ज्याला पैसे देतो त्याच्याकडे ते कुठून आणि कधी येणार? दीडदोन टक्के जास्त देणारा या प्रश्नावर चहा मागवू लागला, तर उठून यावे. सरकारी रोखे आता सामान्य माणसालाही थेट घेता येतात. रिझर्व्ह बँकेने ती सोय नोव्हेंबर 2021 मध्ये केली. व्याज कमी, पण उत्तर सरळ. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते विमाछत्र नाही, आणि हे एक वाक्य पतसंस्थेच्या प्रत्येक पावतीवर ठळक छापण्याची सक्ती व्हायला हवी.

बहुराज्य सहकारी संस्थांच्या कायद्यात 2023 मध्ये दुरुस्ती होऊन सहकार लोकपालाची तरतूद झाली. चांगले झाले, पण जुन्या ठेवीदाराला आधी हिशेब हवा आहे. केंद्रीय निबंधकांनी बुडालेल्या पतसंस्थांची कोणती मालमत्ता कुणाला, किती रुपयांना विकली आणि त्यातून ठेवीदारांना किती दिले, याची यादी मराठीत छापून जळगावच्या जिल्हाधिकारी कार्यालयाबाहेर लावावी.