प्रवेश मिळाला, पहिल्या वर्षाचे काय?

इंदूर विकास प्राधिकरणाच्या नोंदींत विजय नगर म्हणजे योजना क्रमांक ५४. आखीव रस्ते, मॉल, रुग्णालये आणि त्यांच्या मागच्या गल्ल्यांतून मुलामुलींची वसतिगृहे, डबे पुरवणाऱ्या खाणावळी, महिन्याच्या भाड्याने खुर्ची-टेबल देणाऱ्या अभ्यासिका. या अभ्यासिकांना तिथे सरसकट ‘लायब्ररी’ म्हणतात. त्यांत पुस्तके क्वचितच असतात. ज्या संस्थांच्या आशेने ही तरुण मंडळी येथे खोल्या घेऊन राहतात, त्यांपैकी शहरातल्या दोन मोठ्या संस्था मात्र दुसऱ्या टोकाला आहेत. आयआयएम राऊच्या टेकडीवर, तर आयआयटी खंडवा रस्त्यावर सिमरोलला. प्रवेशाची तयारी आणि प्रवेशानंतरचे शिक्षण यांच्यातही असेच अंतर पडले आहे आणि ते कमी करण्याची जबाबदारी कोणीच स्वीकारलेली नाही.

हा प्रश्न गोमंतकीय पालकांना दूरचा वाटण्याचे कारण नाही. २०१६ पासून फर्मागुडीत आयआयटी आहे, कुंकळ्ळीत एनआयटी आहे, झुआरीनगरला बिट्स आहे. तथापि एनआयटीत असतात तशा राज्यनिहाय राखीव जागा आयआयटीत नसतात. गुणवत्ता क्रमांक जिकडे नेईल तिकडे जावे लागते. फोंड्याच्या मुलाला घराजवळचे फर्मागुडी न मिळता सिमरोल मिळणे अगदी शक्य आहे. बारावीनंतर थेट व्यवस्थापनाकडे वळायचे असेल, तर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आयआयएम इंदूरनेच २०११ मध्ये प्रथम सुरू केला. पुढे रोहतक, रांची, जम्मू आदी संस्थांनी त्याचे अनुकरण केले, तरी इंदूरचे आकर्षण ओसरलेले नाही.

गेल्या वर्षाचे वेळापत्रक पाहण्यासारखे आहे. गोवा शालान्त मंडळाचा बारावीचा निकाल २०२५ साली मार्चअखेरीस लागला. आयआयएम इंदूरची प्रवेश परीक्षा १२ मे रोजी, जेईई अ‍ॅडव्हान्स्ड १८ मे रोजी झाली आणि तिचा निकाल २ जूनला आला. त्यापुढे जागावाटपाच्या फेऱ्या सुरू झाल्या. परीक्षा संपल्यापासून पहिला वर्ग भरेपर्यंत दोन-अडीच महिने विद्यार्थ्याच्या हाती राहतात. दोन वर्षे घड्याळाकडे पाहत जगलेल्या मुलाला विश्रांती हवीच, त्यात वावगे काही नाही. पण या काळात बहुतेक घरांतून फक्त लॅपटॉप, बॅगा आणि गाद्या-चादरींची खरेदी होते.

खरी अडचण पहिल्या सत्रातील गणिताच्या तासाला समोर येते. जेईईत उत्तर म्हणजे एक पर्याय किंवा एक संख्या. ती कशी मिळवली हे कोणी विचारत नाही. उलट चार पर्यायांतून तीन वगळण्याची हातोटी हीच तेथे गुणवत्ता मानली जाते. आयआयटीच्या पहिल्या वर्षी सीमा आणि सातत्य हेच विषय पुन्हा येतात, परंतु आता विधान सिद्ध करून दाखवायचे असते. व्याख्या काटेकोर हवी, प्रत्येक पायरीचे कारण हवे, आणि ते कागदावर वाक्यांत मांडायचे. ज्याने दोन वर्षांत एकही सिद्धता स्वतः लिहिली नाही, त्याला आपल्याला गणित येते की नाही अशी शंका येऊ लागते. रेषीय बीजगणित तर बहुतेकांना नवेच असते. संगणक-प्रोग्रॅमिंगचीही तीच गत: वर्गातील काहींनी शाळेतच ते शिकलेले असते, तर काहींनी क्लासच्या धबडग्यात संगणकाला हातही लावलेला नसतो. गुणांकन बहुधा वर्गातील इतरांच्या तुलनेत होत असल्याने हा फरक थेट श्रेणीत उतरतो. पहिल्या वर्षाच्या श्रेणीवर शाखा बदलून मिळेल या भरवशावर नको असलेली शाखा स्वीकारणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: काही आयआयटींनी ही सोय अलीकडे बंदच केली आहे.

आयआयएमच्या अभ्यासक्रमात घसरण्याची जागा निराळी. प्रवेश परीक्षेत वेगवान आकडेमोड आणि भाषिक चाचणी. प्रवेशानंतरच्या पहिल्या तीन वर्षांत गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, शिवाय परकीय भाषा. वाणिज्य शाखेतून आलेल्याला कलनशास्त्राचा धसका असतो, तर विज्ञानातून आलेल्याला वीस पानांचा निबंध वाचून त्यावर मत मांडण्याचा. जून-जुलैमध्ये रोज एक दीर्घ लेख वाचून त्याचा सारांश स्वतःच्या शब्दांत लिहिणे, किंवा रोज एक सिद्धता सुवाच्य अक्षरात पूर्ण करणे, याला क्लासची फी लागत नाही. कदाचित म्हणूनच त्याची जाहिरात कोणी करीत नाही.

भाषेचा मुद्दा गोव्याला अधिक झोंबणारा आहे. जेईई मेन २०२१ पासून तेरा भाषांत होते. त्यांत मराठी आहे, कोकणी नाही. पुढची अ‍ॅडव्हान्स्ड केवळ इंग्रजी व हिंदीत, आणि आयआयटीतील अध्यापन मुख्यतः इंग्रजीत. जोधपूरच्या आयआयटीने २०२४ मध्ये पहिल्या वर्षासाठी हिंदीचा पर्याय दिला. मराठीसाठी तसे काही दृष्टिपथात नाही. आपल्याकडे प्राथमिक शाळा मराठी-कोकणीतून आणि पुढचे सारे इंग्रजीतून असा प्रघात असल्याने मुले इंग्रजी वाचतात खरी, पण पाठ्यपुस्तकापलीकडे थोडीच जातात. इंदूरला वसतिगृहाची बोली हिंदी असते. होळकरांच्या या शहरात मराठी अजून नांदते आहे. ती ऐकायची तर विजय नगर सोडून राजवाड्याच्या जुन्या वस्तीकडे फेरी मारावी लागेल.

कागदपत्रे आणि पैसा यांकडे दुर्लक्ष केल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे २०२४ साली देशाने पाहिले. उत्तर प्रदेशातील एका मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. १७,५०० रुपये भरण्याची मुदत थोडक्यात हुकली आणि जागा गेली. अखेर ३० सप्टेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाला घटनेच्या १४२ व्या अनुच्छेदाखालील विशेषाधिकार वापरून ती परत द्यावी लागली. प्रत्येकाला दिल्ली गाठता येत नाही. उत्पन्नाचा व जातीचा दाखला, बँक खाते, कर्जाचा अर्ज ही कामे निकालानंतर नव्हे, निकालाआधीच उरकायची असतात. आयआयटीचे शिक्षण शुल्क वर्षाला दोन लाख रुपये आहे. कुटुंबाचे उत्पन्न एक लाखाच्या आत असल्यास ते पूर्ण माफ होते, एक ते पाच लाखांपर्यंत दोन तृतीयांश. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ते भरावे लागत नाही. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण व जामीनदाराविना कर्ज मिळते, आणि गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना आपल्याकडे आहेच.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले की, पाच वर्षांत अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांतील साडेतीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आयआयटी सोडल्या. आयआयएममधील ही संख्या ४४२ होती. काहींनी अन्य अभ्यासक्रम निवडला, हे सरकारचे स्पष्टीकरण अंशतः खरे असेल. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, त्याचे काय? मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले, ते या पार्श्वभूमीवर. पहिल्या चाचणीत कमी गुण मिळाल्याचे मुलाने घरी सांगावे, असे घर आधी तयार लागते. शाळेत नेहमी पहिला येणारा येथे वर्गात साठावा येऊ शकतो. कोणाला तरी साठावे यावेच लागते. ही गोष्ट आईवडिलांनी जुलैतच बोलून ठेवलेली बरी. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांकही मुलाच्या फोनमध्ये असावा.

गोव्याचे शिक्षण खाते प्रवेश परीक्षांच्या मार्गदर्शनावर भर देते, आणि ते योग्यच आहे. पण राज्याबाहेरच्या आयआयटी-आयआयएममध्ये दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेली गोमंतकीय मुले उन्हाळ्यात घरीच असतात. उच्च माध्यमिक विद्यालयांनी जूनमध्ये एक शनिवार त्यांना बोलावले, तर सिमरोलला जाणाऱ्या मुलाला पहिली सत्र परीक्षा कशी असते हे क्लासच्या फलकावरून नव्हे, तर ती देऊन आलेल्याकडून कळेल. त्यासाठी शासकीय आदेशाची वाट पाहण्याचीही गरज नाही. प्राचार्यांचा एक फोन पुरे.