कुत्र्याचे पालकत्व : हौस आणि हिशेब

कुत्र्याला धनी असतो, ही आपल्या भाषेची जुनी समजूत. अलीकडे शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनी हा शब्द टाकून ‘पालक’ हा शब्द स्वीकारला आहे. घरातील कुत्रा ही मालमत्ता नसून ते एक अपत्यच आहे, असा त्याचा अर्थ. या बदलाची टिंगल करण्याचे कारण नाही. दत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान उभे करणाऱ्या आणि पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा सांगणाऱ्या आपल्या परंपरेला ही भावना परकी नाही. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध मुंबईतील पारशी समाज १८३२ साली रस्त्यावर उतरला होता. तथापि शब्द बदलल्याने वर्तन बदलतेच असे नाही. पालकत्वाला रोजचा हिशेब असतो आणि अनेक घरांत तो पिल्लू घरी आल्यानंतरच मांडला जातो.

या हिशेबातील पहिली बाब वेळेची. कुत्र्याचे आयुष्य साधारणतः दहा ते पंधरा वर्षांचे. पाचवीतील मुलाच्या हट्टापायी आणलेले पिल्लू तो मुलगा पदवीधर होऊन नोकरीसाठी परगावी जाईपर्यंत घरात असते. त्याला दिवसातून किमान दोन वेळा, लहान असताना चार-पाच वेळा, बाहेर न्यावे लागते. पाऊस, परीक्षा किंवा मार्चअखेरचे काम या सबबी त्याला कळत नाहीत. सकाळी आठची लोकल गाठून सायंकाळी सातला परतणाऱ्या दांपत्याच्या घरी ते मुके जनावर अकरा तास एकटे असते. सोबतीची सवय असलेला हा प्राणी मग भुंकतो, दार ओरबाडतो, चपला कुरतडतो. शेजारी त्याला द्वाड ठरवितात. वस्तुतः तो कंटाळलेला आणि धास्तावलेला असतो. हट्ट मुलांचा, पैसा वडिलांचा आणि श्रम मात्र आईचे, अशी वाटणी बहुतेक घरांत आपोआप होऊन जाते. तिची संमती विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

दुसरी बाब आरोग्याची. पिल्लाला पार्व्हो आणि रेबीज यांच्या लसी वेळेवर टोचाव्या लागतात. रेबीजची लस पुढेही पशुवैद्याने सांगितलेल्या मुदतीत द्यावी लागते. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर जवळजवळ इलाजच उरत नाही, म्हणून येथे कुचराई म्हणजे साऱ्या आळीच्या जिवाशी खेळ होय. पावसाळ्यात गोचिडांचा आणि त्यांच्यामुळे येणाऱ्या तापाचा उपद्रव, दिवाळीत फटाक्यांचा. माणसाच्या कानापेक्षा कितीतरी तीक्ष्ण कान असलेल्या या प्राण्याला ते चार दिवस संकटाचे वाटतात. आपल्या ताटातले चार घास त्याला घालण्याची रीतही धोक्याची आहे. कांदा, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट हे पदार्थ कुत्र्याला विषासमान ठरू शकतात, आणि कांद्यावाचून तर आपली भाजी होत नाही.

जात निवडतानाही हाच अविचार आढळतो. सायबेरियाच्या बर्फातील हस्की किंवा आल्प्समधील सेंट बर्नार्ड नागपूरच्या उन्हाळ्यात आणून ठेवणे, यात प्रेमापेक्षा मिरवण्याची हौस अधिक आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. मुख्यतः धापा टाकूनच तो अंगातील उष्णता बाहेर टाकतो. ज्या मुधोळ हाऊंडवर टपाल खात्याने २००५ साली तिकीट काढले, तो कारवान आणि आपल्या दारचा गावठी कुत्रा या हवेला सरावलेले आहेत. गावठी पिल्लाला तर किंमतही पडत नाही. कदाचित म्हणूनच त्याची प्रतिष्ठा नसावी.

तिसरी बाब शेजाऱ्यांची. गृहनिर्माण संस्थेला बहुमताने ठराव करूनही कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. अनेक पालकांना एवढेच वाक्य पाठ असते. सार्वजनिक जागेत त्याला साखळीने धरावे, त्याची घाण स्वतः उचलावी, हा त्याच सूचनांचा उत्तरार्ध सोयीने विसरला जातो. जिन्यात कुत्रा दिसताच भिंतीला चिकटणारी वृद्ध स्त्री प्राणिद्वेष्टी नसते, ती भ्यालेली असते. ‘तो काही करत नाही’ या आश्वासनाने तिची भीती जात नाही.

या तिन्ही बाबींचा हिशेब जुळला नाही की शेवटी रस्ता दाखविला जातो. २०२० च्या टाळेबंदीत विरंगुळा म्हणून आणलेली कित्येक कुत्री कचेऱ्या उघडल्यावर नकोशी झाली. भाड्याच्या खोलीत पिल्लू पाळणारे विद्यार्थीही अभ्यासक्रम संपताच याच पेचात सापडतात. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने पाळीव प्राणी सोडून देणे हा गुन्हा ठरविला आहे. परंतु पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये! उलटपक्षी आपल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्यास २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेने सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. ही तफावत बोलकी आहे. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न २०२५ साली सर्वोच्च न्यायालयात गाजला, तेव्हा दोष नगरपालिकांना देण्यात आला आणि तो बव्हंशी योग्यही होता. पण घरातून हाकललेल्या कुत्र्यांनी त्या प्रश्नात किती भर घातली, याचा जाब कोणी विचारला नाही.

उपाय फार अवघड नाहीत. १९६० च्या कायद्यातील दंडाची रक्कम आजच्या काळाला शोभेल अशी करावी. मुंबई-पुण्यात कुत्र्याला परवाना लागतो. नगरपालिकांनी तो देतानाच लसीकरणाची आणि पालकाच्या पत्त्याची कसून नोंद ठेवावी, म्हणजे सोडून दिलेल्या कुत्र्याचा धनी शोधता येईल. आणि कुटुंबांनी पिल्लू आणण्यापूर्वी एका कागदावर तीन नावे लिहावीत : सकाळी त्याला बाहेर कोण नेईल, आजारपणात रजा कोण काढील आणि सारे घर गावाला गेले तर त्याला कोण सांभाळील. ही तीन नावे लिहिता आली नाहीत, तर पिल्लू न आणणे हीच त्याच्यावरील खरी माया ठरेल.