मैंदर्गी ते सोलापूर : पक्षाघाताच्या रुग्णाला साडेचार तासांच्या आत उपचार मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर
(मा. तहसीलदार, अक्कलकोट यांच्यामार्फत)

दिनांक : २९ ऑक्टोबर, जागतिक पक्षाघात दिन

अर्जदार : मैंदर्गी व परिसरातील नागरिक

विषय : मैंदर्गी व अक्कलकोट तालुक्यातील सीमावर्ती गावांमधील पक्षाघाताच्या रुग्णांची वाहतूक, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आणि त्यानंतरची शुश्रूषा व पुनर्वसन यांची निश्चित व्यवस्था लावण्याबाबत.

महोदय,

मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीमुळे अचानक बंद पडली किंवा फुटली, तर तिच्यावर अवलंबून असलेला मेंदूचा भाग काही मिनिटांतच निकामी होऊ लागतो आणि तो भाग शरीराच्या ज्या अवयवांचे काम पाहतो ते अवयव लुळे पडतात. या आजाराला वैद्यकशास्त्रात पक्षाघात, मराठी घरांत अर्धांगवायू आणि मैंदर्गीसारख्या कन्नड-मराठी दोन्ही बोलणाऱ्या गावात लकवा म्हणतात. ‘अंगावरून वारं गेलं’ हा त्याचाच जुना वाक्प्रचार. ही केवळ भाषेची गोष्ट नाही, कारण ज्या आजाराचे मूळ वाऱ्यात मानले जाते त्यावर तेलाची मालीश, शेक आणि कबुतराचे रक्त चोळणे हेच उपाय आधी सुचतात, आणि लकव्याचे औषध देणाऱ्या दूरच्या गावी रुग्णाला गाडी करून नेण्यात उपचाराची वेळ निघून जाते. आजार हातापायात दिसत असला तरी तो मेंदूचा आहे आणि हृदयविकाराच्या झटक्याइतकाच तातडीचा आहे, ही गोष्ट या निवेदनाच्या मुळाशी आहे.

पक्षाघात हा शहरी सुखवस्तू माणसाचा आजार आहे, ही समजूत महाराष्ट्रातच खोटी ठरलेली आहे. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांमध्ये ‘सर्च’ या संस्थेने २०११ ते २०१३ या काळात प्रत्येक मृत्यूचे कारण शोधले, तेव्हा १,५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू, म्हणजे सातांतील एक, पक्षाघाताने झाल्याचे आढळले, आणि मृत्यूच्या कारणांमध्ये त्याचा क्रमांक पहिला लागला. त्यातही शंभरातील सत्त्याऐंशी रुग्ण घरीच दगावले होते. मुंबईत त्याआधी झालेल्या लोकसंख्याधारित पाहणीत दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे १४५ जणांना पहिला झटका येतो आणि त्यांतील सुमारे तीस टक्के अठ्ठावीस दिवसांच्या आत मरण पावतात, असे दिसले होते. अक्कलकोट तालुक्याची अशी मोजणी झाल्याचे अर्जदारांच्या पाहण्यात नाही. ती व्हावी, ही या निवेदनातील एक छोटी मागणी आहे, परंतु मोजणी होईपर्यंत व्यवस्था थांबू नये.

गेल्या तीस वर्षांत या आजाराच्या उपचारात जे बदलले ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १९९५ साली अमेरिकेतील चाचणीने दाखवून दिले की, अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत शिरेतून दिल्यास अधिक रुग्ण स्वतःच्या पायावर उभे राहतात. २००८ च्या युरोपीय चाचणीनंतर ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढली. २०१५ साली एकामागोमाग पाच चाचण्यांचे निष्कर्ष आले आणि मोठी वाहिनी बंद झालेल्या रुग्णाच्या मांडीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढण्याची पद्धत, म्हणजे थ्रॉम्बेक्टॉमी, मान्य झाली. २०१८ पासून निवडक रुग्णांत ती चोवीस तासांपर्यंत करता येते. या साऱ्याचा गाभा मात्र एकच आहे : मोठी वाहिनी बंद राहिली तर मेंदूतील सरासरी १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात, असे गणित २००६ साली मांडले गेले, आणि गेलेल्या पेशी कोणतेही औषध परत आणत नाही.

हे गणित मैंदर्गीच्या रस्त्यावर मांडून पाहावे. सकाळी सात वाजता भाकरी थापणाऱ्या बाईचा उजवा हात परातीतच पडून राहतो, तोंड एका बाजूला ओघळते, शब्द फुटत नाही. मुलगा शेतावरून येईपर्यंत आठ वाजतात. मग जवळच्या दवाखान्यात सलाईन लागते आणि ‘बीपी वाढलंय, बघू’ असे म्हणत नऊ. गाडी मिळून सुमारे पंधरा किलोमीटरवरील अक्कलकोट गाठले जाते, तिथे तपासणी आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी होईपर्यंत दहा उलटून जातात. तिथून सोलापूर सुमारे चाळीस किलोमीटर. तिथे केसपेपर, मग सीटी स्कॅनची रांग. साडेअकराला साडेचार तास संपतात. या साखळीत हेतुपुरस्सर दिरंगाई कोणीच केलेली नसते, आणि तरीही रुग्ण आयुष्यभरासाठी अंथरुणाला खिळतो. हेच लक्षण झोपेतून उठताना दिसले तर घड्याळ जाग आल्यापासून नव्हे, तर रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला त्या क्षणापासून, म्हणजे बहुधा रात्री झोपण्याच्या वेळेपासून धरावे लागते.

यावरून पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी निघते. पक्षाघाताचा संशय असलेला रुग्ण चोवीस तास सीटी स्कॅन चालू असलेल्या आणि इंजेक्शन उपलब्ध असलेल्या सर्वांत जवळच्या रुग्णालयातच थेट न्यावा, मधल्या प्रत्येक ठिकाणी उतरवू नये, असा लेखी आदेश तालुक्यातील सर्व शासकीय दवाखान्यांना आणि १०८ रुग्णवाहिका सेवेला देण्यात यावा, आणि अशी रुग्णालये कोणती त्यांची यादी दूरध्वनी क्रमांकांसह नगरपरिषद, दवाखाने, औषधांची दुकाने व एसटी स्थानकांवर लावावी. २०१४ पासून राज्यात धावणाऱ्या १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो. त्याने रक्तातील साखर तपासावी (साखर फार उतरली तरी पक्षाघातासारखीच लक्षणे दिसतात), रुग्ण शेवटचा बरा कधी दिसला ती वेळ कागदावर लिहावी आणि गाडी निघतानाच रुग्णालयाला फोन करावा, म्हणजे रुग्ण पोचेपर्यंत सीटीचे टेबल मोकळे असेल. यासाठी नवी इमारत, नवे पद किंवा निधी लागत नाही. लागतो तो एक आदेश आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणारा एक अधिकारी.

सीटी स्कॅनबाबत एक गैरसमज वारंवार घात करतो, म्हणून त्याचा स्वतंत्र उल्लेख करणे भाग आहे. मेंदूतील रक्तस्राव सीटीमध्ये लगेच पांढरा दिसतो, परंतु गुठळीने झालेल्या पक्षाघातात पहिल्या काही तासांत सीटी पुष्कळदा सामान्यच दिसतो. ‘स्कॅन नॉर्मल आहे’ हे ऐकून नातेवाईक सुटकेचा नि:श्वास टाकतात, प्रसंगी रुग्णाला घरी परत आणतात. वास्तविक हात लुळा आणि स्कॅन नॉर्मल, याचा अर्थ बहुधा असा असतो की रक्तस्राव नाही, गुठळी आहे, आणि इंजेक्शनची वेळ अजून गेलेली नाही. जिथे सीटी आहे तिथे या निदानाचा आणि उपचाराचा निर्णय घेणारा माणूसही असला पाहिजे. प्रत्येक तालुक्याला मेंदूविकारतज्ज्ञ मिळणार नाही, हे अर्जदार जाणतात. म्हणूनच हिमाचल प्रदेशाचे उदाहरण समोर ठेवण्यात येत आहे, जिथे २०१४ पासून सीटी असलेल्या शासकीय रुग्णालयांतील फिजिशियन दूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञाला मोबाइलवर स्कॅन दाखवून, त्याच्या सल्ल्याने इंजेक्शन देऊ लागले आणि औषधाचा खर्च शासनाने उचलला. डोंगराळ रस्त्यांच्या राज्याला जे जमले ते सोलापूर जिल्ह्याच्या सपाट रस्त्यांवर जमू नये, याला कारण दिसत नाही. सोलापुरातील डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे अशा सल्ल्याचे केंद्र व्हावे, तिथे चोवीस तास उचलला जाणारा एकच क्रमांक असावा, आणि जिल्ह्यातील सीटी असलेल्या प्रत्येक शासकीय रुग्णालयातील ड्यूटीवरील डॉक्टरांचे प्रशिक्षण तिथूनच व्हावे, ही दुसरी मागणी आहे.

औषधाचा प्रश्नही पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. अल्टेप्लेज तासभर ठिबकत द्यावे लागते, तर टेनेक्टेप्लेज हे त्याच कुळातील औषध काही सेकंदांत एकाच वेळी देता येते. कॅनडातील २०२२ च्या मोठ्या चाचणीत ते अल्टेप्लेजपेक्षा कमी पडत नसल्याचे सिद्ध झाले आहे. हे औषध पुण्यातील कंपनी बनवते. हृदयविकाराच्या झटक्यासाठी ‘स्टेमी महाराष्ट्र’ प्रकल्पाद्वारे ईसीजी दूरवर पाठवून गुठळी विरघळवण्याचे उपचार शासनाने लहान रुग्णालयांपर्यंत नेलेच आहेत. हृदयासाठी उघडलेल्या त्या वाटेवर मेंदूलाही जागा द्यावी, एवढेच मागणे आहे. ज्या रुग्णांना इंजेक्शननंतर थ्रॉम्बेक्टॉमीची गरज आहे त्यांना ती सोय असलेल्या सोलापुरातील किंवा पुण्याच्या रुग्णालयात सुसज्ज गाडीतून लगेच हलवावे. चोवीस तासांची मर्यादा लक्षात घेता पुणे दूर असले तरी आवाक्याबाहेर नाही.

पैशाअभावी होणारा विलंब टाळण्याची तरतूद कागदावर आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत सोलापूर होते. आज महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि तातडीच्या वेळी दूरध्वनीवरून मान्यता घेण्याची सोयही आहे. तरीही शिधापत्रिका घरी राहिली म्हणून उपचार अडतील, अशी भीती घराघरांत आहे. पक्षाघाताच्या बाबतीत आधी इंजेक्शन, नंतर कागद, हे आरोग्यमित्रांना व रुग्णालयांना स्पष्ट शब्दांत कळवावे.

इंजेक्शनची वेळ गेलेल्या रुग्णासाठी काहीच करता येत नाही, हा समज या आजारातील दुसरे मोठे नुकसान आहे. ऑस्ट्रेलियातील १९ पक्षाघात कक्षांत झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत परिचारिकांनी केवळ ताप, साखर आणि गिळण्याची क्षमता या तीन गोष्टी नियमाने सांभाळल्या, तेवढ्यावर नव्वद दिवसांनंतरचे मृत्यू व परावलंबित्व मिळून लक्षणीय कमी झाले. यातील तिसरी गोष्ट सर्वाधिक दुर्लक्षित आहे. आपल्याकडे रुग्ण शुद्धीवर दिसला की माणसे मायेने त्याच्या तोंडात चहा किंवा पाणी ओततात. घशाचे स्नायू लुळे असतील तर तो चहा अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी रुग्ण झटक्याने नव्हे, न्यूमोनियाने जातो. रुग्णाला ताठ बसवून चमचाभर पाणी देणे, ठसका लागतो का, आवाज ओला होतो का हे पाहणे आणि तोवर तोंडाने काहीही न देणे, ही तपासणी प्रत्येक परिचारिकेला शिकवता येते. अक्कलकोट व सोलापूर येथील शासकीय रुग्णालयांत पक्षाघाताच्या रुग्णांसाठी काही खाटा एकत्र ठेवून ही शिस्त सक्तीची करावी.

पुनर्वसनाबाबत अर्जदारांना आग्रहाने सांगायचे आहे की, ‘घरच्यांना व्यायाम शिकवून रुग्णाला सोडले’ ही व्यवस्था पुरेशी मानू नये. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ या चाचणीत (२०१७) नातेवाइकांना प्रशिक्षण देऊन घरीच व्यायाम करवण्याचा प्रयोग झाला आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा त्याचा अधिक लाभ दिसला नाही. घरच्यांची माया कमी पडली असे नव्हे. फिजिओथेरपी हे शिकलेल्या माणसाचे काम आहे, इतकाच त्याचा अर्थ. म्हणून मैंदर्गीत आठवड्यातून किमान दोन दिवस फिजिओथेरपिस्ट यावा. वाचाघात, म्हणजे मेंदूतील भाषेचे केंद्र दुखावल्याने शब्द न सापडणे, याच्या उपचारासाठी येणारा वाचातज्ज्ञ कन्नड जाणणारा असावा, किंवा त्याच्यासोबत कन्नड बोलणारी आशा कार्यकर्ती असावी. घरात कन्नड बोलणाऱ्या आजीला मराठी तक्ता दाखवून तिची वाचा परत येणार नाही. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अंथरुणावरच्या माणसाला सोलापूरला न्यावे लागू नये, त्यासाठी अक्कलकोटला ठरावीक दिवशी शिबिर व्हावे.

रक्तदाबाचे सर्वांनाच माहीत आहे, म्हणून थोडक्यात : पक्षाघाताचे सर्वांत मोठे टाळता येणारे कारण तेच असल्याने बीपीच्या गोळ्या एकदम दोन महिन्यांच्या मिळाव्यात, म्हणजे ऊसतोडीला किंवा कामाला परगावी जाणाऱ्याच्या गोळ्यांत खंड पडणार नाही, आणि मशेरी-तंबाखूची चौकशी बायकांकडेही व्हावी. २०१० साली सुरू झालेल्या केंद्रीय कार्यक्रमाच्या नावातच पक्षाघाताचा उल्लेख होता. २०२३ च्या नव्या नावात तो ‘असंसर्गजन्य आजार’ या शब्दांत विरून गेला. नावातून गेला तरी कामातून जाऊ नये. जनजागृतीचे फलक लावण्याची मागणी प्रशासनाला सर्वांत लवकर मान्य होते, हा अनुभव असल्याने ती मुद्दाम शेवटी ठेवली आहे : चेहरा वाकडा, हात खाली, बोलणे तोतरे, तर लगेच १०८, हा मजकूर मराठी व कन्नड दोन्ही भाषांत लावावा, पण वर मागितलेली रुग्णालयांची यादी त्याच फलकावर असल्याशिवाय लावू नये.

या मागण्यांवर जिल्हा शल्यचिकित्सक, वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि १०८ सेवेचे जिल्हा व्यवस्थापक यांची एकत्रित बैठक तीस दिवसांच्या आत घ्यावी, मैंदर्गीच्या प्रतिनिधींना तिला बोलवावे आणि कोणती मागणी कोणत्या तारखेपर्यंत कोण पूर्ण करणार हे लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
मैंदर्गी व परिसरातील नागरिक
(सह्या सोबत जोडल्या आहेत)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, सोलापूर, मा. अधिष्ठाता, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सोलापूर, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, सोलापूर, मा. मुख्याधिकारी, मैंदर्गी नगरपरिषद.