मातीच्या बैलाचा अर्थ

ज्येष्ठ अमावास्येला आमच्या दुधनीत मातीचे बैल पुजले जातात. कानडीत ‘मण्णु’ म्हणजे माती आणि ‘एत्तु’ म्हणजे बैल. म्हणून ही ‘मण्णेत्तिन अमावास्या’. पंधरवड्यापूर्वीच कारहुणवीला खऱ्या बैलांचा मान झालेला असतो. मग ही दुसरी जोडी कशाला? शहरी पाहुण्याला ती पोरांची खेळणी वाटतात. अभ्यासक आला तर ‘सुफलनविधी’ म्हणून मोकळा होतो. मला दोन्ही उत्तरं घाईची वाटतात.

मृण्मूर्तीचा अर्थ तिच्या आकारात फार थोडा असतो. ती कुणी केली, कुठे ठेवली, पुढे तिचं काय झालं, यात तो असतो. मेक्सिकोजवळच्या हाइना बेटावर माया लोकांच्या थडग्यांत सुरेख मृण्मूर्ती सापडल्या. त्यांतल्या कित्येक म्हणजे चक्क शिट्ट्या आहेत! नुसत्या बाजारात दिसल्या असत्या, तर त्या मृतासोबत पुरायच्या होत्या हे कुणाला कळलं असतं?

इतकं लांब तरी कशाला जायचं? पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणबंद पेटी निघाली. तिच्यासोबत शिर नसलेली स्त्रीमूर्ती आणि एक बैल मिळाला. मूर्तीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीलाही भोक; मधे काडी खोचली की देवी बैलावर बसते. मूर्ती कच्च्या मातीच्या, न भाजलेल्या. जमिनीत जपून पुरल्या म्हणूनच त्या उरल्या.

आमचे बैलही कच्च्याच मातीचे. पण ते पुरत नाहीत, पाण्यात सोडतात. उद्याच्या उत्खननात त्यांचा मागमूस लागायचा नाही. सापडतील ते बाजारातले साच्यातले, रंगवलेले बैल. आणि त्यांवरून आमची श्रद्धा ठरवली जाईल.

मी बँकेत असताना बैलजोडीला कर्ज देत असू. कागदावर बैल ‘नजरगहाण’ असे. पुढे त्या जागी ट्रॅक्टर आला. पण ट्रॅक्टरवाल्याच्या देव्हाऱ्यातही या दिवशी मातीची जोडी बसते, तिच्यापुढे चिमुकली गव्हाण असते आणि पुरणपोळीचा नैवेद्य असतो. ज्याच्या दावणीला जन्मात खरा बैल नव्हता, त्या मजुराच्या घरीही तीच जोडी. कर्ज न काढता एक दिवस तोही बैलवाला होतो. ‘सुफलन’ या शब्दात हे कुठे बसतं?

माझं म्हणणं साधं आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनकालीन मृण्मूर्ती आपण जपल्या, ते चांगलंच झालं. तेवढ्याच आस्थेने हे विरघळणारे बैलही टिपून ठेवावेत. एखादा बैल उचलून कपाटात नेऊ नये. तो पाण्यातच जाऊ द्यावा. माती कुठून आणली, ती मळताना काय म्हटलं, शिंगं कुणी लावली, हे करणाऱ्या बायकांना विचारावं. कानडी येणारं माणूस सोबत न्यावं. आणि हे लवकर व्हावं. हाताने बैल घडवणाऱ्या आमच्या गल्लीतल्या बहुतेक आज्ज्या आता माझ्याहूनही थकल्या आहेत.