शाप कोणाला?

कोकणात गावाच्या वेशीवर किंवा देवळाच्या आवारात एखादा गधेगाळ अजून उभा असतो. वर चंद्र-सूर्य, मधे असला तर मजकूर आणि तळाशी गाढव आणि स्त्री यांचा संग. आकाशात चंद्र-सूर्य आहेत तोवर दिलेलं दान चालू राहील आणि ते जो मोडेल त्याच्या आईवर हा प्रसंग येईल, असं तो दगड सांगतो. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून चित्र.

अशा शापाला अभ्यासक ‘शापवचन’ म्हणतात. दानपत्राचा तो रीतसर भाग. राजा आज आहे, उद्या नाही. पुढचा राजा किंवा त्याचा अधिकारी दिलेली जमीन परत घेणार नाही याची हमी कोण देणार? म्हणून ताम्रपटाच्या शेवटी व्यासांच्या नावावर चालत आलेले श्लोक यायचे. भूमी देणारा साठ हजार वर्षं स्वर्गात राहील. ती हिरावून घेणारा आणि त्याला संमती देणारा, दोघेही तितकीच वर्षं नरकात. हे वचन मला फार मोलाचं वाटतं. लुबाडणाऱ्याबरोबर मान डोलावणाराही त्यात दोषी धरला आहे. आज गायरानं आणि देवस्थानच्या जमिनी परस्पर हडप होतात, तेव्हा कागदावर सही करणाऱ्याला आपण इतक्या स्पष्टपणे कुठे धरतो?

गधेगाळाने मात्र हा न्याय सोडला. शिलाहार राजा अपरादित्याचा ११८७ सालचा परळचा शिलालेख पाहा. दानाचा मजकूर संस्कृतात आणि शेवटचा शाप मराठीत. लोकांच्या वर्मी लागावं म्हणून लोकांची भाषा घेतली, हे उघड आहे. मराठीच्या जुन्या लेखांमध्ये आपण त्याला अभिमानाने मोजतो, आणि मोजावंच. पण त्या शापात होरपळते कोण? दान मोडणारा पुरुष, आणि शिक्षा त्याच्या आईला. तिने जमीन घेतली नाही, सही केली नाही, तिला कुणी विचारलंही नाही. पुरुषाला धाक घालायचा तर त्याच्या घरातल्या बाईची विटंबना करायची, ही रीत राजाज्ञेने दगडावर कोरली गेली. नाक्यावरच्या भांडणात आजही पहिली शिवी आईवरूनच येते. आठशे वर्षांत आपण तिथून हललेलो नाही.

या दगडांचं जतन व्हायलाच हवं. काही ठिकाणी त्यांना शेंदूर फासून देव केलं आहे, काही ठिकाणी अपशकुनी म्हणून झुडपात लोटलं आहे. दोन्हींत कोरीव भाग आणि अक्षरं जातात. पण जतन करताना शेजारच्या पाटीवर नुसतं ‘शापवचन असलेली शिळा’ लिहून भागत नाही. दान कोणी दिलं, कोणाला दिलं, शाप काय होता आणि तो कोणाच्या वाट्याला लिहिला होता, हे सगळं सरळ मराठीत लिहावं. शाळेची सहल आली आणि एखाद्या मुलीने ‘तिचा काय गुन्हा?’ असं विचारलं, तर मास्तरांनी तिला पुढे ढकलू नये. तिच्याशी बोलावं.