परिचारिकेचा दूरध्वनी कोणत्या भाषेत?

इंग्लंडमध्ये आतड्याच्या कर्करोगाचा संशय असलेल्या रुग्णास अनेक रुग्णालयांतून प्रथम प्रशिक्षित परिचारिकेचा दूरध्वनी येतो. लक्षणे व चालू औषधे विचारून ती त्यास थेट दुर्बिणीच्या तपासणीस पाठवते. तज्ज्ञाच्या भेटीची एक फेरी वाचते. तातडीने पाठविलेल्या रुग्णास कर्करोग आहे की नाही, हे २८ दिवसांत कळावे, असे तेथील उद्दिष्ट आहे.

आपल्याकडेही याचा पाया घातला गेला आहे. उपकेंद्रांतील समुदाय आरोग्य अधिकारी बहुतांशी परिचर्येचे शिक्षण घेतलेले असतात. तिशीपुढील व्यक्तींची मुख, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी प्राथमिक तपासणी त्यांच्याकडे आहे, आणि ई-संजीवनीवरून ते दूरच्या डॉक्टरांचा सल्ला घेऊ शकतात. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून बेळगाव गाठताना जिची दिवसाची मजुरी बुडते, तिच्याशी परिचारिकेनेच दूरध्वनीवर बोलून तपासणीची तारीख ठरवावी, हे आम्हांस सर्वथा मान्य आहे.

प्रश्न भाषेचा आहे. दूरध्वनीवर परिचारिकेस ना जीभ दिसते, ना गाठ हाताला लागते; तिच्यापाशी केवळ रुग्णाचे शब्द असतात. निपाणीकडील एखाद्या बाईस 'तंबाखू खाता का?' असे विचारल्यास ती 'नाही' म्हणेल, आणि ते खोटेही नसेल. मिश्री खात नाहीत, लावतात. 'तोंड आले आहे' याचा शब्दशः अर्थ लावणाऱ्यास काय बोध होणार? कन्नडमध्ये त्यास 'बायि हुण्णु', म्हणजे तोंडातील व्रण, असे सरळ नाव आहे. पाळी जाऊन वर्षे लोटलेली स्त्री 'अंगावरून जाते' एवढेच म्हणते. त्यातील रक्तस्राव ओळखणे ऐकणाऱ्यावर अवलंबून.

बेळगावात मराठी कोणाला कळत नाही, असे कोणी म्हणेल. बाजारापुरती कळते. प्रत्यक्ष भेटीत हातवारे तरी साहाय्यास येतात. दूरध्वनीवर दुभाषी म्हणून मुलगा बसला, तर आई ते वाक्य उच्चारणारच नाही.

घटनेचे ३५० वे कलम गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क देते. मराठीत गाऱ्हाणे आणि दुखणे या दोहोंसाठी 'तक्रार' हा एकच शब्द असावा, हा योग विलक्षणच! आमची मागणी मोजकी आहे: रुग्णाच्या नोंदीत भाषेचा रकाना असावा, प्रश्नावली इथल्या बायकांना विचारून मराठीत सिद्ध करावी, आणि मराठी रुग्णास मराठी जाणणाऱ्या परिचारिकेनेच दूरध्वनी करावा.

तोवर वाचकांनी एवढे करावे. तोंडातील जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नसेल, तर कोणी विचारण्याची वाट न पाहता ती किती दिवसांची आहे आणि आपण मिश्री लावतो का, हे आपणहून सांगावे.